पोटावरची वामकुक्षी

माझ्याशी वाद घालून जिंकलेला एकच माणूस मी पाहिला आहे: माझा दुसरा शल्यचिकित्सक! वजन घटावे म्हणून पहिल्याने माझ्या जठराभोवती बँड आवळला होता. घास अडेल, हे त्याचे गृहीतक. मात्र आइस्क्रीम वितळवून प्यायले, तर ते विनातक्रार खाली उतरते, हे मी तीन वर्षे सप्रमाण सिद्ध केले. दुसऱ्याने बँड काढून थेट जठराचीच बायपास केली आणि वर्षभरात माझे अडतीस किलो वजन निरुत्तर झाले.

पण त्या अडतीस किलोंत माझ्या चार वर्षांच्या नातीची गादी होती, हे कोणी लक्षातच घेतले नाही! पूर्वी जेवणानंतर मी आडवा झालो, की ती पोटावर चढे, आत गुडगुड झाली, की "आजोबा, गाडी सुटली!" म्हणे आणि पहिल्या स्थानकाआधीच झोपे. त्या दुपारी आठवल्या, की माझा हात अजून सपाट पोटावरून फिरतो. आता ती दुपारची झोपतच नाही. म्हणते, "आजोबा, तुम्ही बोचता!"

शेवटी मी ओढणीने पोटाला उशी बांधली, वर सदरा चढवला. तिने डोके टेकले आणि उचलले.

"ही उशी आहे. आजोबा नाहीत."

"उशी आजोबांचीच आहे!"

"तिच्याशी कसले वाद घालताय?" बायको कडाडली. "तपासणीची वेळ झालीय. सोडा ते सोंग!"

गाठ सुटेना! तसाच दवाखान्यात गेलो. आजी-नात बाहेर बसल्या.

काट्यावर वजन घटलेले आणि सदऱ्याखाली पोट दुप्पट! डॉक्टर पांढरेफटक पडले.

"पुन्हा आइस्क्रीम?"

"शपथ घेतो, नाही!"

"मग हर्नियाच!" त्यांनी दाबून पाहिले. "दुखतं?"

"उशीला कसं दुखेल?"

परिचारिकेने कात्रीने गाठ कापली. डॉक्टरांनी घाम पुसला. "शस्त्रक्रिया उत्तम झालीय. रुग्णाचं काही सांगता येत नाही!"

बाहेर आलो, तर बाकावर एक अवाढव्य कंत्राटदार बसलेले. त्यांचाही बँड फसला होता, आता बायपाससाठी आलेले. माझ्यानंतर त्यांचाच नंबर. त्यांच्या पोटावर माझी नात गाढ झोपलेली!

"बोलता बोलता कलंडली हो," बायको ओशाळून म्हणाली.

परिचारिकेने त्यांना हाक मारली. कंत्राटदार तसूभरही हलले नाहीत.

"हळू! उठेल ती," ते कुजबुजले. "डॉक्टरांना म्हणावं, पुढच्या आठवड्यात येतो."

शस्त्रक्रियेच्या बाजूने त्यांना ऐकवायला माझ्यापाशी अकरा मुद्दे होते. त्यांतला एकही मांडला नाही. पंखा तेवढा त्या दोघांकडे वळवला.