पन्नास सेकंदांची भिशी

लीलाबाई गेल्या तेव्हा भिशीचे पाच हप्ते उरले होते. दिवसकार्य आटोपल्यावर नऊ बायका सोप्यात येऊन बसल्या आणि त्यांतल्या वडीलधाऱ्या हरणाबाईंनी विचारलं, “भावजी, तिची जागा मोडायची का चालू ठिवायची?”

“चालू ठिवा. मधीच मोडणं आर्थिक शिस्तीत बसत न्हाई,” लीलाबाईंचे यजमान सयाजी म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. हप्ते गोळा करताना हरणाबाई एकेकीचं नाव पुकारत. म्हणजे दर एक तारखेला या घरात कुणीतरी ‘लीलाबाई’ म्हणणार होतं. एरवी ते नाव घेणारं आता कुणी नव्हतं.

आर्थिक शिस्त मात्र त्यांना नवीच होती. फौजेतून आल्यापासून पेन्शन बायकोच्या हातात आणि यांच्या हातात रोजचे वीस रुपये, अशी घडी होती. आता ते मोबाइलवर व्हिडिओ बघून घरखर्चाचं नियोजन शिकत होते.

पहिल्याच बैठकीत त्यांनी घड्याळ लावलं. हप्ते आणि चिठ्ठी मिळून चार मिनिटं. उरलेले दोन तास सुना, म्हशी आणि गुडघे. शिवाय पोहे-चहाचे एकशे ऐंशी रुपये.

“हे सगळं अनुत्पादक हाय,” सयाजी म्हणाले.

“काय म्हणत्यात?” हरणाबाईंनी पतसंस्थेत कामाला असणाऱ्या रेश्माला विचारलं.

“वाया जातंय म्हणत्यात.”

“पोहं? सगळं संपलं की.”

सयाजींनी महिनाभर घरोघरी जाऊन नऊजणींना फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं. चिठ्ठीही फोनच काढणार होता. एक तारखेला सगळी भिशी पन्नास सेकंदांत उरकली. खर्च शून्य. पडद्यावर ‘सभासद ४ : जमा’ असं उमटलं. चार म्हणजे लीलाबाई. सयाजी इस्त्रीचा सदरा घालून सोप्यात बसले होते. कुणी काही पुकारलं नाही.

पुढच्या महिन्यात चार नंबरच निघाला. दहा हजार आले, पाठोपाठ भिशीच्या ग्रुपवर नऊ अंगठे आले. या पैशाचं ती काय करणार होती, हे विचारायला सयाजी हरणाबाईंच्या दारात गेले.

“तिचा बेत दर महिन्याला निराळा. कवा शिलाई मशीन, कवा पाण्याची टाकी. मागं म्हणली, ह्यांना घिऊन इमानात बसायचं.”

“मला कवा बोलली न्हाई.”

“तुमी आधी तिकिटाचा दर काढला असता.”

“आणि काय म्हणायची?”

“लय म्हणायची. पर असं उभ्या उभ्या कुठलं आठवतंय, भावजी? समद्या बसल्या की एकीचं ऐकून दुसरीला आठवतंय.”

घरी येऊन सयाजींनी ग्रुपवर लिहिलं, ‘ऑनलाइन व्यवहारात अडचण आली आहे. पुढच्या महिन्यापासून सर्वांनी समक्ष हजर राहावे.’

रेश्माचं लगेच उत्तर आलं, ‘मामा, पैसे तर पोचले की. अडचण कवा आली?’

सयाजींनी रिकाम्या सोप्यावरून एकदा नजर फिरवली आणि एका बोटानं टाइप केलं, ‘पोचल्यावर.’