बेवारस खुर्चीचा पंचनामा

कर्णिक काकांच्या दाराला दोन भिंगं आहेत. बाहेर कोण आलंय ते आतून बघायला सगळ्यांच्या दाराला एक भिंग असतं. काकांच्या दाराला एक उभं राहून बघायचं आणि त्याच्या दीड हात खाली दुसरं, खुर्चीत बसून बघायचं. ते बसवताना सुताराने सहज विचारलं, "खालचं पोरांसाठी का, काका?" काका म्हणाले, "घरात पोर नाही. आणि तुला ही चौकशी कशाला?" मग त्यांनी सुताराचंच नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला.

ठाकुर्लीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक त्यांचं आणि एक आमचं. म्हणजे मी त्या दोन भिंगांच्या पुढ्यातच लहानाची मोठी झाले. काका वीज कंपनीच्या भरारी पथकात होते. कल्याणपासून आंबिवलीपर्यंत कोणी तारेवर आकडा टाकून वीज चोरली, की काका दारात हजर. पुढे ते रिटायर झाले, काकू गेल्या, आणि आकडा शोधायची सवय तेवढी उरली. दूधवाला हसून बोलला तरी काका विचारायचे, "यात आकडा कुठे आहे?" बँकेने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर ते बँकेत जाऊन कारण विचारून आले.

मी दहावीत असताना त्यांच्या दारातली दुधाची पिशवी गेली. काकांनी रीतसर पंचनामा केला. पंच क्रमांक एक वॉचमन, क्रमांक दोन मी. मी म्हटलं, "मीच का?" काका म्हणाले, "पंच त्रयस्थ लागतो. घरचं माणूस चालत नाही. तुझा-माझा काही संबंध नाही, म्हणून तू." पिशवी मांजराने नेली हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. पण मांजर प्रत्यक्ष कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून काकांनी 'मांजरसदृश प्राणी' असं लिहिलं. मी खाली सही केली.

माझं एमबीबीएस संपलं आणि पप्पांच्या किडन्या गेल्या. ते कोलशेतच्या एका कंपनीत होते. आईची शाळेची नोकरी सोडून चालणार नव्हतं, म्हणून मी घरी राहिले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कल्याणला. दोन वर्षं. सकाळी त्यांना जिना उतरवायचा आणि दुपारी चढवायचा. आम्ही दार उघडलं की समोरचं भिंग काळं व्हायचं. आईला भयंकर राग यायचा. एकदा ती त्या भिंगासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "बघा, नीट बघून घ्या! आजारी माणूस उतरतोय, सिनेमा लागलाय तुम्हाला!" भिंग तसंच काळं राहिलं.

त्याच सुमाराला जिन्याच्या वळणावर एक निळी, हातांची प्लॅस्टिकची खुर्ची दिसायला लागली. कोणाची ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिच्यावर भिंतीला नोटीस लागली: 'सदर खुर्ची बेवारस आढळली आहे. मालकाने खरेदीच्या पावतीसह ओळख पटवून न्यावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणीही हलवू नये. – कर्णिक.' सोसायटीच्या मीटिंगमध्येही त्यांनी हा विषय लावून धरला. सेक्रेटरी कंटाळून म्हणाले, "राहू दे हो ती तिथेच." पप्पांना मात्र ती फार सोयीची झाली. बारा पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागायची. मग ते म्हणायचे, "चल गं, आरोपीला भेटू," आणि तिच्यावर टेकायचे.

पप्पा गेले. त्यानंतर मी अमेरिकेच्या परीक्षा दिल्या. मला तिकडे मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे आपल्याकडच्या एमडीसारखं शिक्षण, करायची होती. शंभरावर हॉस्पिटलांना अर्ज केले आणि इंटरव्ह्यू आला फक्त एक, तोही व्हिडिओवर. तो हुकला तर वर्ष जाणार, आणि जितकं लांबेल तितका माझ्या अर्जातला तो दोन वर्षांचा खड्डा मोठा दिसणार. डोंबिवलीच्या एका सीनियरने सल्ला दिला होता, "घरी होते असं सांगू नको, यार. रिसर्च सांग. सगळे तेच सांगतात." मी त्याप्रमाणे छान इंग्रजी वाक्यं बसवली.

एका संध्याकाळी जिन्यात काकांनी मला गाठलं. "तीन दिवस बंद खोलीत इंग्रजीत कोणाशी बोलतेस?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "समोर बसणारा डॉक्टरच आहे, हे कशावरून?"

"त्यांच्या वेबसाइटवर फोटो असतो, काका."

"फोटो काय, माझाही लावता येईल. उद्या पाच वाजता ये. तीस वर्षं लोकांची उलटतपासणी घेतली आहे मी."

मी का गेले, मला अजून कळत नाही. बहुतेक दुसरं कोणी विचारलंच नव्हतं. तीन कड्या सरकल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात पाऊल टाकलं. मला पलंगावर बसवलं, टेबललॅम्प माझ्या तोंडावर वळवला आणि काका स्वतः उलट्या बादलीवर बसले.

"मेडिसिनच का? सर्जरीत काही झालं होतं का?"

"नाही, काका. मला पेशंटशी बोलायला आवडतं."

"कशाबद्दल?"

मग त्यांनी निवड कशी होते ते विचारलं. मी सांगितलं, आपण हॉस्पिटलांची यादी लावायची, हॉस्पिटलं उमेदवारांची लावतात. आपली त्यांना दिसत नाही, त्यांची आपल्याला दिसत नाही, आणि शेवटी कॉम्प्युटर जोड्या लावतो.

"म्हणजे कोणीच कोणाला काही सांगत नाही?"

"नाही."

काका पहिल्यांदा खूश झाले. "पद्धत उत्तम आहे. आपल्याकडे का नाही?"

नंतर त्यांनी माझ्या अर्जावर बोट ठेवलं. "ही दोन वर्षं?"

"रिसर्च प्रोजेक्ट केला, सर."

"कुठे?"

"घरून."

"आकडा!" काका इतक्या जोरात ओरडले की बादली सरकली. "सरळ सरळ आकडा टाकलेला आहे! खरं काय ते सांग आणि पुरावा दे."

माझं डोकंच फिरलं. "पुरावा कुठून आणू? पप्पांना वर-खाली करत होते मी! तुम्हीच तर बघत बसायचात भिंगातून. त्याची काय पावती मिळते?"

काका उठून आत गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. ती माझ्या मांडीवर ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पंचनाम्याचीच भाषा होती. 'सकाळी ६.२०. समोरील गृहस्थ व मुलगी उतरले. मुलीने डावीकडून आधार दिला. मुलगी वाटेत काही विनोद सांगत होती. गृहस्थ हसले.' 'दुपारी १२.४०. परत आले. मुलगी त्यांना पाठीवर घेऊन चढली. वाटेत टेकायला जागा नाही.' दुसऱ्या दिवशी: 'वळणावर खुर्ची ठेवली. आपली आहे हे उघड करू नये, संकोचाने बसणार नाहीत. कोणी उचलून नेऊ नये म्हणून उद्या नोटीस लावणे. खालच्या भिंगाचा वापर बंद.' पुढे एके ठिकाणी: 'दार उघडून हात द्यावा असे वाटले. मुलीची आई आपल्यावर रागावलेली आहे. उघडले नाही.' हे 'उघडले नाही' मग पानोपानी होतं. शेवटच्या पानावर तीन ओळी. 'सोमवार. कोणी उतरले नाही. बुधवार. कोणी उतरले नाही. शुक्रवार. कोणी उतरले नाही, खुर्ची जागेवर.'

मी खूप रडले. पप्पा गेल्यावरही इतकी रडले नव्हते. त्या दोन वर्षांतलं मला औषधं, रिपोर्ट आणि थकवा एवढंच आठवत होतं. मी पप्पांना हसवत होते हे मी पार विसरून गेलेले.

बऱ्याच वेळाने मी बादलीकडे बघून विचारलं, "काका, खुर्ची परत का नाही आणलीत?"

खिडकीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "पावती सापडत नाही."

इंटरव्ह्यू संध्याकाळी होता. काका तासभर आमच्या दाराबाहेर पहाऱ्याला उभे होते. एका कुरियरवाल्याला त्यांनी ओळखपत्र मागितलं म्हणे. आत पडद्यावरच्या डॉक्टरीण बाईंनी त्या दोन वर्षांबद्दल विचारलं आणि मी रिसर्चचं वाक्य सोडून दिलं. म्हटलं, वडिलांना सांभाळत होते. त्या म्हणाल्या, त्यातला एखादा साधा दिवस सांग. मी सहा वीसपासून सुरुवात केली. बारा पायऱ्या, डावीकडून आधार, आरोपीची खुर्ची, सगळं सांगितलं. त्या एकदा हसल्या आणि एकदा चष्मा काढून बसल्या.

मार्चमध्ये एका सोमवारी संध्याकाळी ई-मेल आला. जागा मिळाली होती. कुठे मिळाली ते शुक्रवारी कळवतात, पण माझ्या यादीत नावच एक होतं. आईने मला मिठी मारली, आणि तिनेच मला समोर पिटाळलं.

मी बेल वाजवली. वरचं भिंग काळं झालं.

"कोण?"

"काका, दिसतेय ना मी?"

"दिसतेस. पण कोण?"

तीन कड्या सरकल्या. काकांनी ई-मेल तीनदा वाचला, पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करत तपासला आणि कागद घेऊन पंचनामा लिहायला बसले. शेवटचं वाक्य होतं, 'सदर ई-मेल सकृद्दर्शनी खरा वाटतो.' इतकी शाबासकी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नसेल. खाली 'पंच क्रमांक दोन' लिहिलेलं बघून मी सवयीने पेन उचललं.

काकांनी कागदावर हात ठेवला. "तू नको."

"का? दहावीत चालले होते की."

"तेव्हा त्रयस्थ होतीस." त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि टोपण लावायला उगाच फार वेळ लावला. "घरचं माणूस पंच म्हणून चालत नाही."

आणि दार सताड उघडं टाकून ते वॉचमनला हाका मारत जिना उतरायला लागले.