न्हाणीघराला मिलचा फिटर

रत्नम्मांच्या घरात रोज सकाळी सात वाजता रडारड असायची. म्हणजे रडत कुणीच नव्हतं. थोरली सून सावित्रम्मा न्हाणीघरातून पदराने डोळे पुसत, नाक ओढत बाहेर यायची आणि तशीच ओट्यासमोर सडा टाकायला जायची, एवढंच. पण अकरा वर्षं रोज सकाळी एखादी बाई लालभडक डोळ्यांनी सडा टाकत असेल, तर गल्लीने काय समजायचं? गल्लीने सासू छळते असं समजून घेतलं आणि ती गल्ली आपल्या कामाला लागली.

खरा छळ बंबाचा होता. सोलापुरात शेंगांच्या टरफलांना तोटा नाही, त्यामुळे बंब टरफलांवर पेटायचा आणि न्हाणी धुराने भरून जायची. न्हाणीला पूर्वी एक खिडकी होती. ती रत्नम्मांच्या यजमानांनी, देव त्यांचं भलं करो, मांजर आत येतं म्हणून विटांनी बुजवून टाकली. पुढे मांजर गेलं, यजमानही गेले, धूर तेवढा राहिला. खिडकी उघडू या, असं कुणी म्हटलंच तर रत्नम्मा म्हणायच्या, “यांनी बुजवलीय. मी आहे तोवर उघडायची नाही.” विषय संपला.

तो विषय पुन्हा निघाला तो मागच्या परसातल्या राजाबाईमुळे. राजाबाई मूळची बार्शीकडची. पोटात एक आणि ओठात एक हा प्रकार तिला माहीतच नव्हता.

“तुमच्या ईरप्पाचं कुटं जमलं का न्हाय?” तिने कुंपणावरून विचारलं.

ईरप्पा हा रत्नम्मांचा धाकटा मुलगा. पोस्टात कायम झालेला, निर्व्यसनी, दिसायला बरा, वय एकोणतीस. रत्नम्मांना रात्री झोप लागत नव्हती ती ह्याच्यापायी.

“दोन ठिकाणी पसंती झाली होती,” रत्नम्मा म्हणाल्या. “पुढं निरोपच नाही बघ.”

“कसा येईल? मुलीकडची मानसं गल्लीत इचारून जात्यात की.”

“मग विचारू देत. आमच्या घरात वाईट काय आहे?”

“तुमी,” राजाबाई म्हणाली.

मग राजाबाईने सगळं सांगितलं. लाल डोळे, रोजचा सडा, गल्लीचं मत, आणि पहिल्या मुलीच्या आत्याला पाणी देताना आपणही दोन शब्द बोललो होतो, हेसुद्धा. रत्नम्मांची जीभ तिखट होती, हे त्यांनाही कबूल होतं. पण सुनेला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नव्हतं की माहेरावरून टोमणा मारला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. धूर बंबाचा, आणि नाव रत्नम्माचं.

त्यातच अक्कलकोटचं तिसरं स्थळ आलं होतं. मुलीला आई नव्हती, मामाने वाढवलेली. तो मामा चौकशीला येणार, हे मध्यस्थाने कळवलं होतं. कधी येणार ते अर्थातच कळवलं नव्हतं. सांगून आला तर ती चौकशी कसली.

त्या दुपारी थोरला मुलगा तिप्पण्णा दुकानातून जेवायला आला तेव्हा रत्नम्मा दारातच उभ्या होत्या.

“तिप्पण्णा, न्हाणीतला धूर बाहेर गेला पाहिजे. ह्या आठवड्यात.”

“मग खिडकी उघडू की, अव्वा.”

“खिडकी नाही. यांनी बुजवलीय.”

तिप्पण्णाचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला नको असलेलं कापड वेगळ्या नावाने दाखवायची त्याला सवय होती. तो म्हणाला, “खिडकी नव्हे. मशीन. भिंतीला गोल भोक पाडायचं आणि त्यात धूर ओढणारा पंखा बसवायचा.”

मशीनला रत्नम्मांची हरकत नव्हती. पंखा नव्या पेठेतच मिळाला. दुकानदार वायरमन पाठवतो म्हणाला, पण रत्नम्मा ऐकेनात. घराण्याच्या अब्रूचं काम, ते असल्यातसल्या वायरमनकडे सोपवायचं नव्हतं. जो सगळ्यात मोठे पंखे बसवतो तोच त्यांना हवा होता. असा माणूस सोलापुरात एकच, हिंदुराव फिटर. सांगोल्याचा गडी, कापडाच्या मिलमध्ये सत्तावीस वर्षं पंखे बसवत आलेला. मिलमधले त्याचे पंखे माणसाच्या उंचीचे होते.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी हिंदुराव हत्यारांची पेटी घेऊन आला. आधी चहा प्यायला. मग पंखा हातात घेऊन उलटापालटा केला आणि त्याचा चेहरा पडला.

“ह्यो पंखा हाय?”

“नऊ इंची आहे,” तिप्पण्णा म्हणाला.

“एवढी आमच्या पंख्याची नुस्ती टोपी असती.” पण अव्वांनी बोलावलंय म्हटल्यावर तो भिंतीपाशी गेला आणि कामाला लागला. माणूस हाताचा पक्का होता, खोटं कशाला बोला. दोन तासांत त्याने इतकं गोल भोक पाडलं की तिप्पण्णाने त्यावर हात फिरवून पाहिला. पंखा बसवताना मात्र तिप्पण्णाला खोक्यातला कागद सापडला.

“हिंदुराव, ह्याच्यावर बाण दाखवलाय बघा. पंख्यावरपण आहे. तोंड कुठल्या बाजूला करायचं त्याचा आहे वाटतं.”

“मालक, सत्तावीस वर्सं पंखं बसवतोय. कागद वाचून कुनी फिटर हुतंय व्हय?”

तिप्पण्णाने कागद घडी करून खिशात ठेवला. स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाबद्दल शिकवायला लागलं की त्यालाही असाच राग यायचा.

मग स्विच. मिलमध्ये पंख्याच्या स्विचला फिटरशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. त्या शिस्तीने हिंदुरावने स्विच न्हाणीच्या आतच, बंबाच्या वर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर बसवला. “आता पोरंबाळं खेळायची न्हाईत,” तो समाधानाने म्हणाला.

इकडे रत्नम्मांनी आपला डाव मांडला होता. त्यांनी सुनेला हाक मारली.

“सावित्री, तू आता बाहेर ओट्यावर बस. चांगलं पातळ नेस, वेणी घाल, फुलं माळ. सूप घे आणि तांदूळ निवड. गल्लीनं एकदा तुझे कोरडे डोळे बघू देत.”

“तांदूळ कालच निवडलेत, अत्ती.”

“मग परत निवड. आणि कुणी दिसलं की हस.”

“उगाच?”

“उगाच.”

सावित्रम्माला अकरा वर्षांत सकाळच्या कामाच्या वेळी बसायला सांगितलेलं हे पहिलंच. ती अबोलीचा गजरा माळून, सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. गल्लीतल्या बायका येता-जाता थबकून बघायला लागल्या.

आत ट्रायलची तयारी झाली. धूरच नसेल तर पंखा काय ओढणार, म्हणून हिंदुरावने बंबात टरफलं भरायला लावली. अंमळ ओली टाका म्हणजे धूर खरा निघतो, असंही सुचवलं. न्हाणी पांढरी झाली. हिंदुराव शिडीवर चढला, स्विच खाली केला, उतरला आणि सगळे मधल्या खोलीत उभे राहिले. पंखा गरगरला. आवाज छान होता. आणि न्हाणीतला सगळा धूर एकगठ्ठा मधल्या खोलीत आला.

“येतोय की इकडं,” रत्नम्मा म्हणाल्या.

“नवं मशीन हाय, अव्वा. जरा दम धरा. सुरवातीला आतली घाण काडून टाकतंय.”

दम धरायलाच कुणाला जमेना. तिप्पण्णा खोकायला लागला. ईरप्पा सुट्टी घेऊन घरी थांबला होता, तो भिंत चाचपडत दार शोधायला लागला. रत्नम्मांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण अशाही अवस्थेत त्यांना गल्ली आठवली. धूर रस्त्यावर दिसला तर आणखी काय काय बोलतील, म्हणून त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत काढून मधलं दार घट्ट लावून घेतलं, आणि पदराने डोळे पुसत, हुंदके देत त्या ओट्यावर आल्या.

नेमका त्याच वेळी गल्लीतून पांढरा पटका बांधलेला एक गृहस्थ घरांचे नंबर बघत येत होता. अक्कलकोटचा मामा, गुरुपादप्पा. वीस वर्षं तपकीर ओढून त्याचं नाक निकामी झालं होतं, पण डोळे शाबूत होते. त्याला काय दिसलं? ओट्यावर सून बसलेली, डोक्यात गजरा, चेहऱ्यावर हसू. आणि तिच्यासमोर सासू ढसाढसा रडत उभी.

नंबर बघत येणारा हा पाहुणाच, हे सावित्रम्माने ओळखलं. चेहरा सांभाळत ती दबक्या आवाजात म्हणाली, “अत्ती, रडू नका. पाहुणे बघायलेत. आत जाऊन तोंड धुऊन या. जा.”

गुरुपादप्पाने ‘जा’ तेवढं नीट ऐकलं. आणि सासू मुकाट्याने आत गेली, हेही पाहिलं.

पाणी न्हाणीत होतं. बंब एव्हाना विझत आला होता, धूरही विरला होता. रत्नम्मांना वाटलं, सुटलो. पण पंखा चालूच होता. आणि भिंतीपलीकडे परसात राजाबाईने त्याच दिवशी काळ्या मसाल्यासाठी चार किलो मिरच्या परतायला घेतल्या होत्या. पंख्याने तो सगळा खकाणा मन लावून आत ओढला. रत्नम्मांनी तोंडावर पाण्याचा पहिला हबका मारला आणि त्यांना असा ठसका लागला की पाण्याचा तांब्याच हातातून सुटला. त्या परत ओट्यावर आल्या तेव्हा आधी बऱ्या होत्या असं म्हणायची पाळी आली.

मागोमाग हिंदुरावने ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला, शिडी चढून स्विच बंद केला आणि उतरून भिंतीला टेकला. समोर तिप्पण्णा खिशातला कागद उघडून उभा होता.

“हिंदुराव, बाण बाहेरच्या बाजूला पाहिजे होता. पंखा उलटा बसलाय.”

हिंदुरावने कागद हातात घेऊन उलटापालटा केला. “मिलमदी हवा आत घ्यायची असती, मालक,” तो म्हणाला. “वली हवा. न्हायतर सूत तुटतंय.”

“आमच्या न्हाणीत सूत कुठाय, हिंदुराव?”

सत्तावीस वर्षं मुरलेला फिटर, पण मनाचा सरळ. “चूक माजी हाय. अव्वांची माफी मागतो,” म्हणून तो तसाच ओट्याकडे निघाला.

ओट्यावर गुरुपादप्पा घोंगडीवर बसला होता. त्याने आपली ओळख सांगितली होती, आणि रत्नम्मा पदर तोंडाला लावून मान हलवत होत्या, कारण बोलायला गेलं की खोकला यायचा. तेवढ्यात आतून तिप्पण्णा रडत आला. ईरप्पा दाराच्या आत जिन्याखाली उभा राहून रडत होता. आणि त्यांच्या मागून हत्यारं घेतलेला एक आडदांड माणूसही डोळे पुसत आला. गुरुपादप्पाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि एकदा सुपातला खडा वेचणाऱ्या सावित्रम्माकडे. कामाला आलेल्या गड्यालासुद्धा ह्या बाईने सोडलं नव्हतं.

“अव्वा,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी स्पष्टच बोलतो. गल्लीच्या तोंडाशी मला सांगितलं, सासू म्हणजे वाघीण आहे. मी तिथूनच परत फिरणार होतो. आमची पोर गरीब. आईविना वाढलेली. तिला कडक सासू झेपायची नाही. पण म्हटलं, डोळ्यांनी बघावं. आणि बघतो तर उलटंच. खरं सांगा, थोरली सून तुम्हाला फार त्रास देते का?”

रत्नम्मांचं रडणं जागच्या जागी थांबलं. तीस वर्षं ह्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर पापड वाळला नव्हता. लोकांनी त्यांना खाष्ट म्हटलं, ते त्यांना लागलं होतं. पण बिचारी असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सुनेचा जाच सोसणारी रत्नम्मा. गल्लीतल्या चार बाया कान देऊन उभ्या होत्या. कुंपण ओलांडून राजाबाईही आली होती.

“तसं नाही हो, पाहुणे,” तिप्पण्णा म्हणाला. “आमच्या न्हाणीत आज...”

“तिप्पण्णा, गप बस.”

“अव्वा, चूक माजी हाय,” हिंदुराव म्हणाला. “त्यो पंखा...”

“फिटर, तुम्ही पण.”

त्यांनी जिन्याखाली उभ्या असलेल्या ईरप्पाकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांचा घोडा, बाहीने नाक पुसत होता. त्यांचा जीव तुटला. मग त्यांनी सावित्रम्माकडे पाहिलं. सावित्रम्माने हातातला खडा सुपाबाहेर टाकला आणि अगदी बारीक, कुणाला दिसणार नाही इतकी मान हलवली.

“सोसते बापा,” रत्नम्मा म्हणाल्या. “नशिबाला आलं ते सोसायचं. दुसरी सून तरी गरीब मिळू दे, एवढंच शिवाला मागते.”

गुरुपादप्पाने दोन्ही हात जोडले. “मग आमची पोर तुमचीच. तिला तुमच्यासारखी सासू मिळायला पुण्याई लागते.”

“चार दिवस सासूचे म्हनत्यात ते खोटं न्हाय,” राजाबाई बायांना म्हणाली आणि ही बातमी पलीकडच्या गल्लीत पोचवायला निघून गेली.

आता पाहुण्याला चहा द्यायला हवा होता. रत्नम्मांनी सवयीने सुनेकडे पाहिलं. सुनेने गजरा नीट केला, भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“अत्ती, पाहुण्यांना चहा ठेवता ना?” ती गोड आवाजात म्हणाली. “आणि मलापण अर्धा कप आणा.”

गुरुपादप्पा कौतुकाने बघत होता. रत्नम्मा उठल्या.