झाकण घातलेला टब

आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथटब आहे आणि त्यात आजवर कुणी अंघोळ केलेली नाही. फ्लॅटचे मालक मल्लप्पा बिराजदार टबाशेजारी पाटावर बसून तांब्यानं अंघोळ करतात. टब साठवणीच्या पाण्यानं भरलेला, त्यावर प्लायवूडचं झाकण, झाकणावर पितळी ओगराळं आणि नळाला गाळायचं फडकं.

बिल्डरनं गिऱ्हाइकाला भुरळ पाडायला हा टब नमुन्याच्या फ्लॅटमध्ये बसवला होता. मला भुरळ पडत नाही. यंत्रमागावर कांड्या भरता भरता मी चादरींचा धंदा उभा केलाय. मी टब नाकारला, साठवणीची टाकी नाकारली आणि भाव पाडून खालचा फ्लॅट घेतला. सोलापुरात नळाला पाचव्या दिवशी पाणी. पण माझ्या बायकोनं, सुरेखानं, दोन पिंपांवर कधी कुरकुर केली नाही. काटकसरीचा विषय निघाला की मी चारचौघांत तिचा दाखला द्यायचो.

बिराजदार मूळचे मैंदर्गीचे. गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारे चावीवाले. तीस वर्षं तेच काम. बायको वारली, मुलगी बेंगळुरूला. ती लांब लोखंडी चावी अजून दाराआड उभी असते.

यंदा टबाखालून गळायला लागलं, तेही नेमकं माझ्या मागच्या खोलीत. तिथं चादरींचे गठ्ठे होते आणि सोमवारी माल हैदराबादला जायचा होता. एक डाग दिसला असता तर सगळा माल परत आला असता.

मी तणतणत वर गेलो. "काका, पाणी गळतंय!"

"पळून तर जात न्हाय की, मालक. तुमच्याच घरात येतंय."

शनिवारी प्लंबर इस्माईलला घेऊन गेलो. त्यानं वाकून बघितलं. "पूरा टब खाली करो, सेठ. नीचे का रबर सड गया."

"पाणी आल्याबिगर पाणी सोडायचं न्हाय," बिराजदार म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यात त्या आठवड्यात मोठी पाइपलाइन फुटलेली. सातवा दिवस उजाडला तरी नळ कोरडे.

तेवढ्यात खाली धप्पकन आवाज झाला. धावत जाऊन पाहिलं, तर छताचा पोपडा गठ्ठ्यांपासून वीतभर अंतरावर पडला होता. माझं डोकं फिरलं. पुन्हा वर गेलो, झाकण भिरकावलं आणि कोपरापर्यंत हात घालून टबाचं बूच धरलं.

"हात काढा, मालक." बिराजदारांनी माझा दंड पकडला.

"सोडा! माझा माल कुजला तर तुम्ही भरून देणार?"

तेवढ्यात दार ढकलून कुणीतरी आत आलं. "काका, आज दोनच घेते हां." कमरेवर एक, हातात एक घागर. सुरेखा! तिनं न बघता नेमक्या जागी ओगराळ्याला हात घातला आणि मग मला पाहिलं.

"तू इथं?"

"मग कुटं जाऊ? दोन पिंपांत आठवडा निघतोय व्हय?"

"कधीपासून?"

"राहायला आलो तवापासनं."

जिन्यात आणखी दोघी बादल्या घेऊन उभ्या होत्या. माझा हात अजून बुचावरच होता. इस्माईल भिंतीकडे तोंड करून हसत होता.

मी बूच सोडलं आणि सुरेखाच्या हातून घागर घेतली. तासाभरात ते सगळं पाणी इमारतीतल्या पिंपांत, कळशांत, पातेल्यांत गेलं. इस्माईलनं रबर बदललं. सोमवारी माल गेला.

मग मी बिराजदारांना म्हणालो, "जिन्याखाली टाकी बसवू. माझ्या खर्चानं. बायकांना चढायला नको."

ते ओगराळं पुसत होते.

"तीस वर्षं पाणी सोडलं, मालक. उशीर झाला की शिव्या. येळंवर आलं तर दारात कुणी न्हाय." मग ओगराळं झाकणावर नीट ठेवून म्हणाले, "टाकी खाली बसली तर वर कोण येनार?"

टाकी बसली नाही. पोपडा कुणाच्या पैशानं भरायचा, हा वाद मात्र चालू आहे. ते म्हणतात, अर्धं-अर्धं. एरवी अर्ध्यावर मी मिनिटात सौदा मिटवतो. पण इथं ताणून धरलंय. रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्यासाठी वर जातो. ते चहा ठेवतात. आम्ही कडाकडा भांडतो.

"उद्या बगू की, मालक."

"उद्या बघू," मी म्हणतो.