हळदीची वायर, कुंकवाची वायर

कमरेला पानसुपारीची चंची लावून फिरणारी माणसं परळीच्या बाजारात तेव्हा पुष्कळ होती. मन्मथअप्पांच्या चंचीत मात्र माऊसच्या गोळ्या असायच्या. त्या काळच्या माऊसच्या पोटात मोठ्या बोराएवढी रबरी गोळी असे. ती फिरली की पडद्यावरचा बाण फिरे. रोज संध्याकाळी क्लास सुटला की अप्पा सहाही माऊस उताणे करायचे, गोळ्या काढून चंचीत टाकायचे आणि घरी न्यायचे. सकाळी आम्ही हात पुढे करून रांगेत उभे, आणि अप्पा प्रसाद वाटावा तशी एकेक गोळी तळहातावर ठेवणार. एकदा ते परभणीला लग्नाला गेले आणि चंची कमरेलाच राहिली. दोन दिवस सगळा क्लास नुसता बाणाकडे बघत बसला होता.

"अप्पा, गोळ्या घरी कशाला नेता हो?" मी एकदा विचारलं.

"कावून म्हंजी? हितं ठिवल्या तर पोरं गोट्या खेळतेत. अन् तुमच्या परळीची ती वीजकेंद्राची राख लई वाईट. गोळीला चिटकते. रोज साबणानं धुवाव्या लागतेत."

'तुमच्या परळीची' हे ऐकून नवा माणूस चक्रावून जाई. अप्पा मूळचे गेवराईकडच्या तलवाड्याचे, पण परळीत येऊन त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती. तरी राख तुमची, ऊन तुमचं, पाणीही तुमचंच. त्यांचं स्वतःचं इथं काय होतं, तर तो क्लास. आधी टाइपिंगचा, आणि गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागायला लागले त्या सुमारास कम्प्युटरचा. घरी कुणी नव्हतं. जेवण खानावळीत, झोप एका खोलीत.

मशीन रुसलं की अप्पांचा मंत्र ठरलेला होता: "पयलं हात, मग गोळी, मग वायर, शेवटी देव." कीबोर्ड चालेना म्हणून कुणी ओरडलं की ते आधी त्याचे हात तपासत. बोटं ओली आहेत का, शेंगदाण्याची फोलपटं लागलीत का. मग माऊसची गोळी. मग मशीनच्या मागच्या वायरी. एवढं करून नाहीच जमलं तर वैजनाथाला हात जोडायचे आणि मशीन बंद करून परत चालू करायचं. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला की म्हणायचे, "हाय, जीव हाय." वायर डोळ्यांदेखत लोंबत असली तरी हा क्रम चुकायचा नाही. आम्हाला हसू आवरत नसे.

वायरींची तर निराळीच कथा. कीबोर्डची आणि माऊसची पिन दिसायला एकसारखी. अदलाबदल झाली की दोन्ही मुकी. यावर अप्पांनी काढलेला तोडगा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. दसऱ्याला मशीनची पूजा करताना त्यांनी कीबोर्डच्या पिनेला कुंकू लावलं आणि माऊसच्या पिनेला हळद. जिथं खोचायची तिथंही तेच बोट. तेव्हापासून रंग पुसट झाला की ते पुन्हा लावत. मशीनच्या मागं भिंतीपर्यंत एक माणूस जाईल एवढी बोळ त्यांनी मुद्दाम ठेवली होती. हातात पिवळं फडकं घेऊन दिवसातले निम्मे तास ते त्या बोळीतच असायचे.

भिंतीवर पास झालेल्या मुलामुलींचे फोटो होते. अप्पांचं स्वतःचं टाइपिंगचं सर्टिफिकेट मात्र कुठं दिसत नव्हतं. विचारलं की म्हणत, "घरी हाय. ट्रंकेत." आणि लगेच फडकं झटकायला लागत.

माझी गोष्ट सांगायची तर मी तेव्हा भांड्याच्या दुकानवाल्यांची सून होते, पदरात तीन वर्षांची मुलगी. गावातल्या एका शाळेच्या ऑफिसात कम्प्युटर आला होता आणि त्यावर बसायला माणूस पाहिजे होतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, वाईट माणूस नव्हते, पण शब्दाचे पक्के. त्यांनी सांगितलं, "एक परीक्षा द्या. पास झालात तर खुशाल नोकरी करा. न्हाई झालात तर ह्या घरात पुन्हा त्या डब्याचं नाव काढायचं न्हाई." सहा महिने मी पोळ्या लाटून, मुलीला झोपवून पळत क्लासला येत होते. ती नोकरी मला हवी होती. इतकं काही मी आयुष्यात मागितलं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी अप्पांनी सगळ्या पिनांना ताजं हळदीकुंकू लावलं. औरंगाबादहून परीक्षक आले. चष्मा, बारीक मिशी, सारखं घड्याळाकडं लक्ष. अप्पा दारातच म्हणाले, "साहेब, आमच्याकडं परीक्षेत मशीन बंद पडत न्हाई. आजपातुर एकदाबी न्हाई."

"बघू," परीक्षक म्हणाले.

एक पत्र आणि एक तक्ता, वीस मिनिटं. मी तिसऱ्या मशीनवर होते. पेपर हातात आला आणि माझे हात गार पडले. बोटं खटक्यांवर टेकलेली, पण हलेनात. शेजारच्या मशीनवर खटखट चालू आणि माझा पडदा पांढरा. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मला दुकानातली भांडी दिसत होती, मामा दिसत होते. मान वर केली तर बोळीत अप्पा उभे. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. मग धूळ पुसायला म्हणून खाली वाकले.

मी कसंबसं एक बोट दाबलं. अक्षर उमटेना. दुसरं दाबलं, तेही नाही. माऊस हलवला, तर बाण जागचा हलेना.

"साहेब, चालंना हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

अप्पा बोळीतून वळसा घालून पुढं आले. "काय झालं, बाई? हात दाखवा." मी दाखवले. "घामेजलेत. नळावर जाऊन धुऊन या. पाणी प्या घोटभर." मी परत आले तोवर त्यांनी माऊस उताणा केला होता. पांढऱ्या माऊसवर दोन बोटं उठलेली मला दिसली. एक पिवळं, एक लाल.

मी त्यांच्याकडं बघितलं. वायरींची पाळी अजून यायची होती. अप्पा अगदी मन लावून गोळी काढत होते.

"अहो, आधी मागची वायर बघा ना!" परीक्षक वैतागले.

"न्हाई साहेब. पयलं हात, मग गोळी." आणि अप्पा गोळी घेऊन नळावर गेले. साबण लावून धुतली. पंख्याखाली धरून वाळवली. परीक्षक घड्याळ बघत होते, आणि इकडं माझा श्वास हळूहळू जागेवर येत होता. पेपर मी दोनदा वाचून काढला. पुढं वायर झाली, देव झाला, मशीन पहिल्यापासून चालू झालं. हिरवा दिवा लागला.

नियमाप्रमाणं मला नवी वीस मिनिटं मिळाली. दोन मिनिटं राखून मी पेपर संपवला.

जाताना परीक्षकांनी अहवालात ओळ लिहिली आणि अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली: 'यंत्रांची निगा समाधानकारक नाही.' सगळ्यांसमोर. अप्पा मान खाली घालून "हौ साहेब" एवढंच म्हणाले.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मामांनीच पेढे आणले. पुडा घेऊन मी क्लासवर गेले. अप्पा एकटेच मशीन पुसत होते.

"अप्पा, वायरी तुम्हीच काढल्यात ना?"

अप्पांनी फडकं घडी करून मशीनवर ठेवलं. मग म्हणाले, "मी बी औरंगाबादला गेलतो परीक्षेला. टाइपिंगच्या, चाळीसच्या स्पीडची. बापानं बैलगाडीनं फाट्यापातुर सोडलं होतं. तिथं बसलो अन् हात असे गार पडले. कागद कोराच दिला. घड्याळ थांबवणारं कुणी न्हवतं, बाई. अन् टाइपरायटरला कुठं वायर असती काढायला?"

ते हसले. मला हसता आलं नाही.

"पास होऊनच येतो म्हणून निघालतो. मग कोणत्या तोंडानं तलवाड्याला जायचं? गावचा फाटा मागं टाकला अन् हितंच उतरलो, तुमच्या परळीत."

मग त्यांनी नळावर जाऊन साबणानं हात धुतले, धोतराला पुसून कोरडे केले आणि माझं सर्टिफिकेट दोन्ही हातांत घेतलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश मोठ्यानं वाचलं. परत देताना म्हणाले,

"ट्रंकेत ठिवू नका, बाई. भिंतीला लावा. दारातून आल्या आल्या दिसंल असं."