जांभया मोजून आखलेलं लंडन

लंडनजवळच्या मेडनहेडचे वझेकाका लोकांच्या जांभया लिहून ठेवत. पुण्यामुंबईहून वर्क व्हिसावर आलेलं कुणीही नवं माणूस पहिल्या महिन्यात त्यांच्या तावडीत सापडायचंच. शनिवारी सकाळी काका त्याला ट्रेनमध्ये घालून लंडनला नेत, चार तास चालवत हे शहर कसं वाढलं ते सांगत, आणि ऐकणाऱ्यानं जांभई दिली की खिशातून डायरी काढून जागा टिपून घेत. दोन हजार चार साली मी तिथून जवळच ब्रॅकनेलला नोकरीला लागले, तेव्हा माझ्या नावावर सहा जांभया पडल्या. त्यातली एक खरं तर शिंक होती, पण काकांनी ऐकून घेतलं नाही.

राजवाड्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. "राजाराणी सोड, माल कुठे उतरायचा ते बघ," हे त्यांचं पालुपद. फेरी लंडन ब्रिजपाशी सुरू व्हायची. रोमनांनी पूल इथेच का बांधला, त्यापाशी बाजार कसा जमला, आगीत शहर जळाल्यावर व्यापाऱ्यांनी पुन्हा दुकानं कशी थाटली. मग लोकर, साखर, चहा आणि त्यांच्या मागोमाग विमा, बँका. चहाच्या जुन्या गोदामांपाशी पोचेपर्यंत माझे पाय बोलायला लागले होते. काका सत्तरीतही ताजेतवाने.

हा सगळा खटाटोप अनिकासाठी होता, आणि काका ते लपवतही नसत. अनिका म्हणजे त्यांची लीड्सची नात. ती आठ वर्षांची असताना त्यांनी तिला हीच फेरी घडवली, तर ती दुसऱ्याच थांब्याला फुटपाथवर बसून रडली. त्यानंतर चार वर्षं ती आजोबांबरोबर लंडनला गेली नाही. त्या काळात काकांनी आमच्यावर प्रयोग चालवले. जिथे जांभई, तिथे कात्री. लोकरीचा व्यापार माझ्यामुळे गेला, विमा नागपूरच्या एका जोडप्यानं संपवला. होता होता फेरी दीड तासावर आली.

पुढच्या ईस्टरला अनिका यायला कबूल झाली. काकांनी मलाही बरोबर घेतलं. तिला कंटाळा आलेला दिसला तर मी हळूच खूण करायची होती.

पण खूण करायची वेळच आली नाही, कारण काका आधीच घाबरले होते. रोमन पाच वाक्यांत आटोपले, आग दोन मिनिटांत विझवली. इतक्या मेहनतीनं जमवलेलं शहर ते असं घाईघाईनं उरकताना पाहून मला वाईट वाटलं. गोदामांचे आता महागडे फ्लॅट झालेत. त्यांच्यापुढे उभं राहून काकांनी नदीपलीकडच्या काचेच्या टॉवर्सकडे बोट दाखवलं. "बोटी गेल्या, बँका आल्या. झालं. चल, आइसक्रीम खाऊ."

अनिका जागची हलली नाही. "आजोबा, तुम्ही पण इथेच काम करायचे ना? आई म्हणाली. तो पार्ट कुठे गेला?"

मी ही फेरी तीनदा केली होती, आणि मला हे ठाऊकच नव्हतं.

"तिसऱ्या मजल्यावर," काका वरच्या खिडक्यांकडे पाहत म्हणाले. "चहाच्या पेट्यांवर शिक्के मारायचो. गोदी बंद झाली तेव्हा तुझी आई सहा महिन्यांची होती."

"मग हे का नाही सांगितलं?"

"कोण ऐकणार गं? तेवढा भाग मी कुणाला जांभई यायच्या आधीच काढून टाकला."

अनिका पायरीवर बसली आणि तिनं त्यांना ओढून शेजारी बसवलं. "आय वॉन्ट दॅट वन. सगळं सांगा."

मी आइसक्रीम आणायच्या निमित्तानं निघाले आणि मुद्दाम लांबची वाट धरली. परत आले तेव्हा काका अजून तिसऱ्या मजल्यावरच होते, आणि अनिका त्यांचा हात धरून ऐकत होती.