सुलभाताई आणि मागचे बुश

आमच्या बोईसरच्या सोसायटीत सुपारी चावणारे बरेच आहेत. मोटारीचे बुश चावून बघणाऱ्या एकट्या सुलभाताई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई खारीक खातायत. त्यांनी तो काळा तुकडा तोंडातून काढला, रुमालाला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"कदम, तुम्ही रबरातले ना? दाबून सांगा. हा मऊ आहे की मऊ असल्याचं नाटक करतोय?"

मी रबराच्या कारखान्यात सुपरवायझर आहे खरा, पण आमच्याकडे प्रेशर कुकरच्या रिंगा बनतात. हे मी सांगून पाहिलं. "रबर ते रबर," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा सल्लागार झालो.

सुलभाताई तारापूरच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेल्या. तिथे पंपांची थरथर मोजायचं त्यांचं काम. एकट्या राहतात, जुनी पांढरी अँबॅसिडर स्वतः चालवतात. तिच्या मागच्या पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचे, बुश झिजले होते. बुश म्हणजे लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून मध्ये बसवलेली जाड बांगडी. दुसरा कोणी असता तर अर्ध्या दिवसात बदलून आला असता. ताईंनी चार महिने लावले.

कारण बुश रबराचे मिळतात, पीयूचे म्हणजे पॉलियुरेथेनचे मिळतात, आणि औद्योगिक वसाहतीतला लेथवाला नायलॉनचेही कातून देतो. रबर धक्का गिळतं, पण लवकर चिरतं आणि वळणावर गाडी लोळते. पीयू टिकतं, गाडी ताठ राहते, पण प्रत्येक खड्डा कमरेला कळवतं. नायलॉन त्याहून कडक. एवढं मला समजलं होतं. मग ताई समजावून द्यायला बसल्या.

"पीयूतही मऊ प्रकार येतो. आणि रबरातही कडक येतो."

"मग मऊ पीयू आणि कडक रबर यांत फरक काय?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय."

एखादं उत्तर बरोबर वाटलं की त्या चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "हे मला पटतंय. म्हणजे कुठेतरी चुकतंय."

शेवटी तिन्ही प्रकार प्रत्यक्ष बसवून बघायचं ठरलं. अन्सारी मिस्त्रीने पाटे तीनदा खोलले. मी मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं. ताई गाडी पालघरच्या रस्त्याला काढायच्या आणि मान न वळवता विचारायच्या, "किती सांडलं? कुठल्या बाजूला?" रबराला वळणावर डावी मांडी भिजली. पीयूला खड्ड्यात छाती भिजली. नायलॉनला पातेलंच खाली गेलं.

"मग बरा कोणता?"

"ताई, मी तिन्हींत भिजलोय."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अन्सारी कंटाळून म्हणाला, "मॅडम, आप जो बोलो वो डाल देता हूँ. बस एक बार बोलो."

"बोलले असते रे," ताई म्हणाल्या, "पण चुकलं तर?" एका बुशासाठी त्यांचा आवाज एवढा बारीक का झाला, मला कळेना.

अखेर रबर बसलं. मग एका रविवारी त्यांनी बेल वाजवली. "कदम, चला. मुरब्याला जायचंय."

मुरबे या किनाऱ्यावरच्या गावी एका बैठ्या घरात यमुनाबाई भेटल्या. डोक्यावर पाटी घेऊन त्यांनी तीस वर्षं ताईंच्या दारात म्हावरं म्हणजे मासे विकले होते. वर्षापूर्वी घराच्या पायरीवरून घसरल्या आणि मणक्याला चीर गेली. रिक्षाचा धक्का सोसत नव्हता, म्हणून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पालघरपलीकडे मासवणला दिलेल्या मुलीला मुलगा झाला होता. आजीने तो अजून पाहिला नव्हता. माझ्या मांडीवरचं पातेलं कोणाच्या जागी होतं, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघांनी धरून त्यांना मागे बसवलं, पाठीला उशा दिल्या. मी पुढे ताईंच्या शेजारी. गाडी सायकलच्या वेगाने मासवणकडे निघाली. प्रत्येक खड्ड्याला ताई विचारत, "यमुना, लागलं?"

"नाय."

"आता?"

"नाय गो."

पालघर मागे पडलं तशी यमुनाबाई म्हणाल्या, "बाय, गाडी थांबव."

ताईंनी गाडी कडेला घेतली. "कुठे दुखतंय?"

"कंबर बरी हाय माजी. पण चार म्हैने झाले, तू येतेस नि बुशाचंच बोलतेस. आता बी पाठ करून बसलीस. मी बोलू कोणाशी?"

ताई उतरल्या, मला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं आणि मागचं दार उघडून यमुनाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी अँबॅसिडर कधी चालवली नव्हती. क्लच सोडला आणि गाडी उडी मारून बंद पडली. घाबरून आरशात पाहिलं, तर दोघींचं लक्षच नव्हतं.

"आता म्हावरं कोणाकडून घेतेस?" यमुनाबाई विचारत होत्या.

"घेत नाही," ताई म्हणाल्या.

मी गाडी पुन्हा सुरू केली. मासवणला कुठे वळायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचं बोलणं तोडून विचारावंसं वाटेना. मी सरळ चालवत राहिलो.